हाकेला न आलेले मासे

"जगताप सर, ही एका आईची पोरं का?" बबनरावांनी विचारलं.

त्यांच्या तळहातावर दोन मासे आडवे ठेवलेले होते. एकाचं डोकं आणि शेपूट तळहाताच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलं होतं. दुसरा माझ्या करंगळीएवढा. करंगळी माझी म्हणजे बऱ्यापैकी जाड. मासा तेवढा जाडही नव्हता.

दोन्ही मासे एकाच दिवशी, एकाच टेम्पोतून येऊन एकाच तळ्यात पडलेले. वय सारखं, जात सारखी, खाद्य सारखं. खाद्य ठरवून देणारा माणूसही एकच. तो मी.

मी माशांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीत टेक्निकल ऑफिसर आहे. राहायला शिरूरला, फिरायला शिरूर आणि दौंड तालुक्यांत. शेततळ्यात मासे पाळणाऱ्यांना कुठलं खाद्य, किती आणि कितीदा द्यायचं, हे सांगणं माझं काम. माझी मुलगी श्रुती मैत्रिणींना सांगते, "बाबा डाएटिशियन आहेत." मैत्रिणी घरी येतात, माझं पोट बघतात, आणि श्रुतीला पुढचा शब्द घाईनं जोडावा लागतो, "माशांचे."

मासा होता पंगस. मिशा असलेला, अंगावर खवले नसलेला. मिशा म्हटलं की लोक आवाज खाली आणून विचारतात, "तो बंदीवाला मांगूर तर नव्हं?" नाही, तो वेगळा. पंगस हा सरळमार्गी मासा आहे. तोंडापुढं आलेलं खातो आणि झरझर वाढतो. निदान पुस्तकात तरी.

तळं पाटसच्या अलीकडं, हायवेपासून आत एका वाडीवर. चालवणारी वैशाली. तिनं नखाएवढी पिल्लं आणून ती बोटुकलीच्या पुढं वाढवायला घेतली होती. बोटुकली म्हणजे बोटाएवढा मासा. त्याच्या आधीचे ते जिरे. आमच्या धंद्यातली नावं अशी स्वयंपाकघरातून आणि हातावरून आलेली आहेत. वाढलेली पिल्लं घेणार होते बबनराव. त्यांचे धरणाच्या पाण्यात तरंगते पिंजरे आहेत, जाळीच्या मोठ्या पेट्याच म्हणा. त्यात ते मासे विक्रीच्या वजनाला आणतात.

बबनरावांनी करंगळीवाला मासा बोटाच्या चिमटीत धरून माझ्यापुढं नाचवला. "माझ्या पिंजऱ्याच्या जाळीची भोकं हेच्यापेक्षा मोठी हायत. आज सोडली तर सांजपर्यंत सगळी धरणात. मला काय धरणाला मासे दान करायचे न्हाईत. मासा तळहातावर आडवा ठेवला की दोन्हीकडनं दिसला पायजे. तसला असंल तर सगळा माल उचलतो. दसऱ्याला येतो परत. त्याच्या पुढं थंडी. थंडीत हे मासं खात न्हाईत, वाढत न्हाईत, आन् गाडीत घातलं तर मरत्यात."

बबनरावांच्या मागं बांधावर आबा उभे होते. वैशालीचे सासरे. डोक्याला फेटा, हातात काठी. ते म्हणाले, "मग दसऱ्यापतुर. त्याच्या म्होरं तळं उसाला."

 वैशालीनं बबनरावांच्या हातातला तो बारका मासा घेतला आणि वाकून पाण्यात सोडला.

तिच्यासाठी हा प्रश्न केवढा होता ते सांगतो. हे घर दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत मेंढरं घेऊन फिरणारं. आता ऊस, थोडा कांदा आणि शेततळं. वैशालीचा नवरा दत्तू कोरेगाव भीमाच्या बाजूला कंपनीत, आठवड्याच्या सुट्टीला घरी. वैशाली बारावी सायन्स. माशांचं पाच दिवसांचं ट्रेनिंग घेऊन आली आणि सासऱ्यांकडं तळं मागितलं. आबा म्हणाले, "एक हंगाम. जमलं तर तुझं, न्हाईतर पाणी उसाचं." त्या घरात आबांचा शब्द म्हणजे स्टॅम्पपेपर. आयुष्यात पहिल्यांदा तिला एक गोष्ट स्वतःची म्हणून मिळाली होती, तीही दसऱ्यापर्यंतच्या मुदतीवर.

आणि तिनं माझं सगळं ऐकलं होतं. हेच तर वाईट होतं.

*

सुरुवात झकास झाली होती. लहान माशाला प्रोटीन जास्त लागतं. वाढतं पोर आणि माझ्यासारखा पन्नाशीतला माणूस यांचं ताट वेगळं असावं, असं डॉक्टर म्हणतात तसंच. म्हणून पहिल्या महिन्यात आम्ही जास्त प्रोटीनचं, रव्यासारखं बारीक खाद्य दिलं. पिल्लं वाढायला लागली.

वैशालीची खाऊ घालायची पद्धत मला फार आवडायची. तळ्याच्या विहिरीकडच्या कोपऱ्यावर ती उभी राहायची, डब्यावर काठी वाजवायची आणि मेंढरांना घालतात तशी हाक घालायची, "हुर्रर्र... हो! हो! हो!" आणि पाणी उकळायला लागायचं. शेकडो मिशाळ तोंडं वर. मी मोबाईलवर व्हिडिओ काढून कंपनीच्या ग्रुपवर टाकला. आमच्या पुण्याच्या मॅनेजर देशमुख मॅडम एरवी अंगठ्याशिवाय काही पाठवत नाहीत. त्यांनी त्या दिवशी टाळ्या पाठवल्या.

आता सॅम्पलिंगचं सांगतो. तळ्यात मासे हजारो. सगळ्यांचं वजन करता येत नाही. म्हणून जाळं टाकून शंभरएक मासे काढायचे, वजन करायचं आणि सरासरी काढायची. त्या सरासरीवरून ठरतं, खाद्याचा दाणा केवढा हवा आणि रोज किती किलो. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ना, तीच ही. फक्त शीत पातेल्याच्या कुठल्या भागातून घ्यायचं, हे म्हणीत सांगितलेलं नाही.

पुस्तकात मात्र सांगितलंय. तळ्यात चार-पाच ठिकाणी जाळं टाका. त्यासाठी पाण्यात उतरावं लागतं. शेततळ्याच्या उताराला प्लॅस्टिकचा कागद असतो, त्यावर शेवाळ. उतरताना माणूस घसरतो, आणि माझ्या आकाराचा माणूस घसरला तर थांबत नाही. म्हणून मी एक सोपा मार्ग काढला होता. वैशालीला म्हणायचो, "घाला हाक." हाक घातली की मासे कोपऱ्यात. मी कोरड्या बुटांनी काठावरून फेकजाळं टाकायचो. एका फेकीत शंभर मासे. वजन, भागाकार, फोटो, चहा.

दुसऱ्या महिन्याच्या सॅम्पलिंगला सरासरी भरघोस आली. मी खूश. चार्ट बघितला आणि सांगितलं, "वैशालीताई, आता दाणा बदलायचा. मोठा दाणा, प्रोटीन थोडं कमी." आधीचा दाणा मोहरीएवढा झाला होता. नवा आला ज्वारीएवढा.

त्याच दिवशी मला दुसरं एक दिसलं. तळ्याच्या पलीकडच्या टोकाला, बाभळीच्या सावलीत, पाण्यात दोरीनं एक गोणपाट सोडलेलं होतं. ओढून बघितलं तर आत भिजवलेली शेंगदाणा पेंड आणि कोंडा. मेंढरांचा खुराक!

"हे कुणी सोडलं?"

"म्या," आबा म्हणाले.

"आबा, यानं पाणी खराब होतं. शिवाय प्रोटीनचा सगळा हिशेब बिघडतो. हे मासे आहेत, मेंढरं नाहीत."

आबांनी माझ्याकडं शांतपणे बघितलं. "तुम्ही पानी बघितलं का साहेब, का नुसतंच पोतं बघितलं?"

मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, काहीतरी बोलायचं म्हणून बोलतोय. मी वैशालीला सांगितलं, पोतं बंद. तिनं त्याच दिवशी बंद केलं. येताना यवतला थांबून मी गरम भजी खाल्ली. काम चोख झालं की मला भूक लागते. तशी ती इतर वेळीही लागते.

यानंतर तीन आठवड्यांनी बबनराव ओढजाळं घेऊन आले. ओढजाळं म्हणजे तळ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत पसरून ओढायचं लांब जाळं. ते कुणाला हाक घालत नाही. जे आहे ते सगळं बाहेर काढतं.

*

बबनराव ओढजाळं दसऱ्यापर्यंत इथंच ठेवून गेले. वैशाली भिजलेलं जाळं वाळत घालायला गेली. आबा बांधावर बसले आणि मलाही बसा म्हणाले. मी बसलो. मला वाटलं, आता पोत्याचं काढतील. त्यांनी काढलं मेंढरांचं.

"साहेब, मेंढरं मोजायची झाली तर कुनी हाक मारून मोजतं का?"

"नाही?"

"हाकंला जे येतंय ते धडधाकटच असतंय. पुढं घुसतंय, खातंय, आनखी धडधाकट हुतंय. जे लंगडतंय, जे बुजतंय, ते मागं ऱ्हातंय. त्याला खुराक गावला का न्हाई, हे बघाया मेंढका कळपाच्या मागनं चालतो."

"आणि पुढून चालतो तो?"

"त्यो पुढारी," आबा म्हणाले आणि तंबाखू मळायला लागले.

 माझ्या डोक्यात एकेक गोष्ट जागेवर पडायला लागली, आणि प्रत्येक वेळी माझ्याच पायावर.

पिल्लांत थोडा लहानमोठेपणा असतोच. हाकेला जोरकस पिल्लं पुढं यायची, पोटभर खायची. बुजरी मागं राहायची, पलीकडच्या टोकाला. मी काठावरून जाळं टाकायचो ते जोरकसांवर. त्यांच्या सरासरीवरून मी सगळ्या तळ्याचा दाणा मोठा केला. बारक्यांच्या तोंडात तो दाणा जाईना. तान्ह्या पोरापुढं बाजरीची अख्खी भाकरी ठेवायची आणि खात का नाहीस विचारायचं, तशातली गत. वर प्रोटीनही कमी केलं. मग ही बारकी त्या दिवसापर्यंत जगली कशावर? बाभळीखालच्या पोत्यावर. पेंड काही त्यांचं आदर्श खाद्य नव्हतं. तेवढ्यावर मासा नीट वाढत नाही. पण तोंडात मावत होतं. ते पोतं मी बंद केलं.

"आबा, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सुरवातीपासनं. बारकी हितं बाभळीखाली हुबी असायची. म्या रोज बघायचो. म्हनून पोतं सोडलं."

"मग मला सांगायचं ना."

"तुम्ही इचारलं कवा?" आबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, त्यामुळं जास्त लागलं.

वैशाली जाळं वाळत घालून परत आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती म्हणाली, "सर, म्हणजे मी हाक मारते तीच चूक का?"

"नाही ताई. हाक बरोबर होती. हाकेला आलेल्यांनाच मी सगळे समजलो, ती चूक."

"मग आता?"

मी बोटांवर दिवस मोजले. दसऱ्याला सव्वा महिना होता. पाणी अजून कोमट होतं. उपाशी राहिलेल्या माशाला योग्य वेळी योग्य खाद्य मिळालं, तर तो मागं पडलेलं बरंचसं भरून काढतो. बरंचसं. सगळं नाही. हे मी तिला जसंच्या तसं सांगितलं.

"होईल का पण?"

"होईल असं वाटतं. खात्री देत नाही. खात्री मागच्या वेळी दिली होती."

ती पहिल्यांदा हसली.

*

संध्याकाळी देशमुख मॅडमचा फोन. खरेदीदार परत गेल्याची बातमी पुण्याला माझ्याआधी पोचली होती.

"जगताप, झालं काय? रिपोर्ट पाठवा. फार्मरनं बाहेरचं काही खायला घातलं का?"

"पेंड घातली होती मॅडम."

"मग झालं तर. तेच लिहा. बाहेरचं खाद्य मिसळल्यामुळं वाढ खुंटली."

"मॅडम, पेंड होती तोवर ती पिल्लं तगली होती. मी पेंड बंद केली."



"आणि तो व्हिडिओ? हाकेला मासे येतात तो? मी डायरेक्टरसाहेबांना पाठवलाय."

"व्हिडिओ खरा आहे मॅडम. फक्त त्यात अर्धेच मासे आहेत."

"उद्या सकाळी रिपोर्ट," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

जेवताना मी ताटाकडं बघत बसलो, तेव्हा मंगलला, म्हणजे माझ्या बायकोला, काळजी वाटली. मी ताटाकडं नुसता बघत बसणारा माणूस नव्हे. तिला सगळं सांगितलं. म्हटलं, "पेंड घातली होती हे खोटं तर नाही ना."

"मग लिहा तसं."

"पण पूर्ण खरंही नाही."

"अहो, मग सरळ पूर्ण खरं लिहा," ती म्हणाली. "अर्धवट खरं तुम्हाला नीट लिहिता येत नाही. तुमची डाएटची वही मी रोज वाचते."

डॉक्टरांनी मला खाल्लेलं सगळं लिहायला एक वही दिली आहे. त्यात यवतच्या भज्यांची नोंद कधीच झालेली नाही. मंगलला ती शर्टाच्या वासावरून कळतात.

मी रिपोर्ट लिहिला. 'सॅम्पलिंग एकाच कोपऱ्यातून, खाद्य देण्याच्या वेळी घेतलं गेलं. त्यामुळं सरासरी चुकली व दाणा अवेळी मोठा केला गेला. चूक माझी. शेतकऱ्याची नाही.' पाठवून दिला आणि नोकरीचं काय होतंय याची वाट बघत बसलो. अजून बसलोय, काही झालं नाही. मॅडमचा उत्तरादाखल अंगठा आला, एवढंच.

*

दुसऱ्या दिवशी पाटसला गेलो तर आबांनी वाघर बाहेर काढून ठेवली होती. वाघर म्हणजे मेंढक्यांचं जाळं. रानात मुक्कामाला मेखा ठोकून ते गोल उभं करतात आणि कोकरं आत ठेवतात, म्हणजे मोठ्या मेंढरांच्या पायाखाली येत नाहीत आणि त्यांचा खुराक त्यांनाच मिळतो.

"कोकरं येगळी केल्याबगर काय खरं न्हाई," आबा म्हणाले.

पुस्तकाच्या भाषेत यालाच ग्रेडिंग म्हणतात. मोठे आणि लहान वेगळे करणं. मी हे कॉलेजात शिकलो होतो. आबा ते पायी फिरून शिकले होते.

अडचणी दोन. वाघरीच्या भोकांतून मासा काय, ससासुद्धा आरामात गेला असता. आणि मेखा ठोकायची सोयच नव्हती. खाली प्लॅस्टिकचा कागद, एक मेख म्हणजे एक भोक, तळं रिकामं. तासभर आम्ही तिघं वाद घालत होतो. शेवटी वैशालीनं तोडगा काढला. बारीक जाळीचा पट्टा वाघरीला शिवायचा. वरची दोरी तळ्याच्या दोन काठांना ताणून बांधायची, तिला रिकामे कॅन लावायचे म्हणजे तरंगेल. खाली वाळूच्या गुळगुळीत पिशव्या, म्हणजे जाळं तळाला बसेल आणि कागद फाटणार नाही. दत्तू सुट्टीला घरी आला तेव्हा त्याच्या कपाळी हे शिवणकाम आलं. "कंपनीत आठवडाभर मशीन, आन् हितं बी सुई," म्हणून तो कुरकुरला, पण टाके बारीक घातले.

तळ्याचे दोन भाग झाले. मग असं जाळं ओढलं की ज्यात मोठे अडकतात आणि बारके निसटतात. मोठे विहिरीकडं, बारके बाभळीकडं.

त्या दिवशी मी पाण्यात उतरलो. उतरलो म्हणजे पहिलं पाऊल टाकलं, बाकीचं शेवाळानं केलं. टोपी तरंगली, मी नाही. वर आलो तेव्हा आबा गंभीर चेहऱ्यानं वैशालीला सांगत होते, "सुनबाई, ह्यो मोठ्या बाजूचा. तिकडं सोड त्याला."

बारक्यांना मोहरीएवढा दाणा, परत जास्त प्रोटीनचा, दिवसातून चार वेळा आणि थोडा थोडा. लहान पोट लवकर रिकामं होतं. एकदम ढीगभर टाकलं तर खाऊन होत नाही, पाणी मात्र नासतं. सगळं शास्त्रशुद्ध होतं.

पण मासे खाईनात.

चार दिवस वैशालीचा फोन. "सर, दाणे तसेच तरंगतात. ही वरच येत नाहीत." बारकी पिल्लं बुजली होती. वरचं खाद्य मोठ्यांचं, आपण वर गेलो की धक्के बसतात, हे ती आयुष्यभर शिकलेली. त्यांचं आयुष्य तीन महिन्यांचं, पण अख्खं.

पाचव्या दिवशी मी गेलो. आबांकडं बघितलं आणि या वेळी विचारलं, "आबा, कोकरू खुराकाला तोंड लावत नसेल तर काय करता?"

आबांनी आधी तंबाखू मळून घेतली. मला वाटतं, त्यांना तो प्रश्न जरा चाखायचा होता. मग म्हणाले, "त्याला जे आवडतंय त्येचा वास लावायचा."

मग माझं महागडं जास्त प्रोटीनचं खाद्य वैशालीनं पेंडीच्या पाण्यात भिजवलं, मळून लाडू केले, ताटलीत ठेवले आणि ताटली दोरीनं बाभळीखाली पाण्यात सोडली. बरोबर जिथं ते पोतं असायचं तिथं. तासाभरानं ताटली वर घेतली. चाटूनपुसून साफ. आमच्या घरी श्रीखंडाचं भांडं मी तेवढं साफ करतो.

पुढच्या आठवड्यात लाडवांतलं पेंडीचं पाणी कमी करत गेलो. मग लाडू बंद, नुसता दाणा. बारके वर यायला लागले. आधी दहा-वीस. मग पाणी जरा हललं. मग एके दिवशी वैशालीनं फोनवर काही न बोलता नुसता आवाज ऐकवला. पाणी उकळल्याचा.

"हे कुठल्या बाजूचे?" मी विचारलं.

"बाभळीकडचे, सर!"

दर आठवड्याला मी सॅम्पलिंगला जात राहिलो. चार कोपरे आणि मध्य, पाचही ठिकाणी पाण्यात उतरून. वजन वाढत होतं. माशांचं. थोडं माझं कमी झालं असं मंगल म्हणाली, पण तिनं ते कुठल्या कोपऱ्यातून मोजलं, माहीत नाही.

*

बबनराव दसऱ्याच्या आदल्या दिवशीच आले. खंडेनवमी. गावाकडं त्या दिवशी अवजारांची पूजा असते. वैशालीनं ओढजाळं, खाद्याची ताटली आणि वजनकाटा ओळीनं मांडून हळदकुंकू लावलेलं. काट्याला झेंडूचा हार. शेजारी आबांची काठी आणि वाघरीच्या जुन्या मेखा.

"आदुगर पूजा हुंद्या, मग काटा उचला," आबांनी बजावलं. त्यामुळं बबनराव आणि मी अर्धा तास काट्याकडं बघत चहा पीत बसलो. माझ्या नोकरीत मला एवढा लांबलचक चहा आठवत नाही.

मग बाभळीकडच्या बाजूला ओढजाळं पडलं. बबनरावांनी हात घातला आणि एक मासा तळहातावर आडवा ठेवला. डोकं बाहेर. शेपूट बाहेर.

दुसरा. बाहेर.

तिसरा जरा आखूड. बबनरावांनी हात तिरका करून बघितला. वैशाली एक पाऊल पुढं सरकली.

"हात माझा मोठा हाय," बबनराव म्हणाले. "चालंल."

ते बराच वेळ मासे बघत राहिले. एका जागी नाही, जाळ्याच्या सगळ्या बाजूंनी. शहाणा माणूस. शेवटी दोन टबभर मासे बाजूला निघाले, अजून करंगळीच्याच हद्दीत असलेले. बाकी सगळे, दोन्ही बाजूंचे, गाडीच्या टाक्यांत गेले. गाडी हायवेला लागेपर्यंत वैशाली बांधावर उभी होती.

राहिलेले दोन टब तिनं परत तळ्यात सोडले. आबा बघत होते. मी मनात म्हटलं, आता उसाचा विषय निघणार. निघालाच.

"उसाला पानी लागंलच," आबा म्हणाले.

वैशालीनं मान खाली घातली.

"तर वरवरचं तेवढं सोडू. माशांच्या डोक्यावरनं. त्या पान्यानं बांधावरचा ऊस कसा काळाशार झालाय, बघितला न्हाईस का? माशांचं खत हाय ते." मग माझ्याकडं वळून, "साहेब, ह्या बारक्यांचं थंडीत काय करायचं, ते सांगा. का इचारू?"

"विचारा की आबा."

"न्हाई, तुम्हीच इचारा. मागल्या खेपंला इचारलं न्हवतं," आबा म्हणाले. वैशाली पदर तोंडाला लावून हसत सुटली.

थंडीत ते दोन टब तगले. वाढले नाहीत फारसे, पण तगले. उन्हाळ्याच्या तोंडाला पहिल्यांदा हाकेला वर आले, ते तेच. आता तळ्यात नवी पिल्लं आहेत. या खेपेला वैशाली महिन्याच्या आतच ग्रेडिंग करते आणि हाक दोन कोपऱ्यांवरून घालते. कंपनीच्या सॅम्पलिंगच्या फॉर्मात देशमुख मॅडमनी एक नवा रकाना घातला आहे: 'नमुना तळ्यात कुठून घेतला?' त्याला माझं नाव दिलेलं नाही, ही त्यांची कृपा.

मागच्या महिन्यात मंगलच्या भाचीचं लग्न होतं, यवतला. बुफे. काउंटरभोवती ही गर्दी. मुलीचे वडील हात जोडून विचारत होते, "जेवण झालं ना सगळ्यांचं?" काउंटरभोवतीचे सगळे भरल्या तोंडानं म्हणाले, "झालं, झालं!"

मी ताट खाली ठेवलं आणि मंडपाच्या अगदी मागच्या रांगेत गेलो. तिथं एक म्हातारे गृहस्थ खुर्चीवर हातात टोपी घेऊन बसले होते.

"आप्पा, जेवलात का?"

"गर्दी कमी व्हायची वाट बघतोय," ते म्हणाले.

त्यांना ताट वाढून आणून दिलं. परत आलो तर मंगल विचारते, "हे काय नवीन?"

"सॅम्पलिंग," मी म्हटलं.